मामा, नव्या गेमात खाली काही ठेवता येत नाही

मामा, तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी भांडले. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

वरणभात वाढून झाला होता, वडे फिरत होते, आणि गडचांदूरचे मावसाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुखरूभाऊ मानूस सोन्यासारखा, पन म्हातारपनी नाद लागला ना बाप्पा. पोट्ट्याईच्या मांडीले मांडी लावून कॉम्प्युटरवर तलवारी खेळे!" अख्खी पंगत हसली. मामीसुद्धा पदराआड हसली. तिला मी दोष देत नाही, तेरा दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल. पण मी हातातली वड्यांची परात खाली आपटली. म्हणाले, "तलवार त्यानं एक दिवस धरली नाही. त्यानं मासोळ्याच पकडल्या. आणि ज्या गोष्टीवर शिकलेले लोक पानंच्या पानं लिहितात, ती त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत होती. माझ्यापेक्षाही." मावसाजी म्हणाले, "अवं वैशे, गंमत केली." केली असेल. मला नाही झाली.

खरं सांगू? राग त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. तुझं एक वाक्य सात महिन्यांपूर्वी पुण्याच्या कॉम्प्युटरच्या मासिकात माझ्या नावानं छापून आलं. ते तुझ्या नावावर करायचं राहून गेलं, आणि तू गेलास. म्हणून हे त्याच मासिकाला लिहिते आहे. छापायचं असेल तर मामांना 'तुम्ही' म्हणा, असं संपादक म्हणतील. जन्मभर तुला तू म्हटलं, आता मेल्यावर काय तुम्ही म्हणू?

वाचणाऱ्यांना आपण ठाऊक नाही, तेव्हा थोडं सांगावं लागेल, कंटाळू नकोस. तू माझ्या आईचा धाकटा भाऊ. गावच्या मालगुजारी तलावावर जाळं टाकून जगणारा, आणि दिवाळीनंतर गावच्या दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, रंग फासून नाचणारा. वीस वर्षं तू राक्षसाचं सोंग घेतलंस. मी सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर नेट कॅफे चालवणारी तुझी भाची. सोमवारच्या बाजारात मासोळी विकून झाली की तू रिकामी टोपली घेऊन माझ्याकडे यायचास. पंखा होता म्हणून यायचास, गेमसाठी नाही.

पहिल्या दिवशी तू मागं उभा राहून बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस, "हे काय व वैशे? पोट्टे कोनाले मारून राह्यले?"

"राक्षसाला. यात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं असतं मामा. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी जखमा भरणारा वैद्य. ठिकठिकाणचे लोक नेटवरून एकाच वेळी खेळतात."

"सोंग कुठी हाय त्याच्यात? सोंग घेतलं का त्याच्या तोंडचं बोलाव लागते. हे तं मुक्यानंच हानून राह्यले. अना तो राक्षस पाय, आत्ता मेला अना आत्ताच तिथी उभा! आमच्या दंडारीतला मेलेला राक्षस निदान चहा पिऊन येते."

पोरं खो खो हसली आणि मला झोंबलं. कारण त्या गेमवर माझा जीव होता. सिंदेवाहीत मी एकटी तलावाकडे निघाले तर चार जण विचारत, कुठी चालली व? त्या गेमात मी बर्फाचा आख्खा डोंगर एकटीनं ओलांडला होता आणि कोणी काही विचारलं नव्हतं. असं काही माझ्या आयुष्यात आधी नव्हतंच. आणि तू टोपली उलटी करून तिच्यावर बसून म्हणतोस, याच्यात नवं काय हाय!

मग एका सोमवारी मी त्या गेमातल्या तळ्याकाठी गळ टाकून बसले होते आणि मागून तू ओरडलास, "हालली! वढ ना, भैताड!" मी ओढेपर्यंत मासा गेला. तू मला उठवलंस. तुझा तो राठ, पाण्यानं भेगाळलेला हात माऊसवर बसेना, दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मासा लागला आणि तू लहान पोरासारखं माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी तुझी बस चुकली.

तुझ्यासाठी वेगळं पात्र उघडलं तेव्हा विचारलं, नाव काय ठेवू? बाकीच्यांची नावं काळा ड्रॅगन, मृत्यूदूत, अशी. तू म्हणालास, "माहं नाव हाय ना." आणि अंगावरचं चिलखत पहिले काढायला लावलंस. "पान्यात लोखंड घालून कोन जाते?" असा तू उघडाबंब त्या तळ्यावर बसायचास आणि येणारेजाणारे वीर थांबून पाहायचे.

आपला पाच जणांचा कंपू झाला. तू, मी, कोलकात्याचा कॉलेजातला पोरगा, इंदूरची एक नर्स आणि नागपूरचा बँकेतला क्लार्क. ते राक्षस मारायचे, तू मासे धरायचास, कारण मासे खाऊन त्यांच्या जखमा लवकर भरत. मी तुझं बोलणं टाइप करायची. राक्षस मेला की त्याच्याकडचा माल कोणाला हे गेम फासे टाकून ठरवायचा. एकाला सगळं, चौघांना ठेंगा. हे पाहून तू जे भडकलास! "जुगार हाय का हा? पाच जनायनं मारलं, पाच वाटे करा."

आणि मग तू ती चूक केलीस, जी आपल्या गावचाच माणूस करू शकतो. तू सगळे मासे त्या तळ्याच्या पाळीवर उघड्यावर मांडलेस. आपल्याकडे मांडतात तसे. पळसाच्या पानांवर सारखे वाटे, एक जण वाट्यांकडे पाठ करून बसतो, दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा न पाहता एकेक नाव घेतो. कोणाला मोठी मरळ गेली, कोणाला झिंगे गेले, त्यावर मग भांडण नाही. आणि एक वाटा जास्तीचा, घरी आजारी पडलेल्याचा किंवा बाळंतिणीचा. त्या दिवशी क्लार्कच्या घरची लाइट गेली होती म्हणून तो आलाच नव्हता, तरी एक वाटा त्याचा आणि एक जास्तीचा. तू तुझं पात्र पाण्याकडे तोंड करून उभं केलंस आणि मला सांगितलंस, विचार. मी टाइप केलं, 'हा कोणाचा?' कोलकात्याच्या पोराला वाटलं आमचं नेट अडकलं. नर्सला समजावता समजावता माझे हात दुखले. आणि तेवढ्यात कुठून तरी एक अनोळखी वीर घोडा उडवत आला, दोन वाटे उचलले आणि पसार झाला!

नर्स चिडली, कंपनीकडे तक्रार करू म्हणाली. तू मात्र शांत. "नेऊ दे. भुका असन कोनी. पन उद्या भेटला तं त्याले सांगजो, घ्याचं असन तं नाव सांगून घे." पुढच्या सोमवारी तो परत आला, मामा. चोरायलाच आला असेल. मी तुझं म्हणणं लिहिलं. तो घोड्यावरून उतरला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. तू त्यालाच पाठमोरं उभं केलंस. त्यानंतर त्या तळ्यावर नावं घ्यायचं काम त्याचंच झालं. पावसाळा संपेपर्यंत दुसरे दोन कंपू तिथं तसेच वाटे मांडायला लागले. आपल्या तलावाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण करत होते. कुठल्या कंपनीनं ते शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांनी नवा गेम आला आणि मी वेडी झाले. चित्र असं की पाण्यात ढग दिसत. डोंगरावरून उडता यायचं. कंपू जमवत बसायला नको, बटण दाबलं की गेमच चार अनोळखी लोक आणून द्यायचा. पुण्याच्या मासिकात मी तेव्हा बारीकसारीक लिहीत होते. संपादकांचा फोन आला की या असल्या गेममध्ये खरंच काही नवं असतं का, की जुनंच रंग देऊन विकतात, यावर मोठा लेख द्या. मी म्हटलं, नवं नाही तर काय! आणि तुला दाखवायला सोमवारची वाट पाहिली.

तू पहिले आकाश पाहिलंस. "आकाश बेस हाय," म्हणालास. खोटं नाही बोलायचास कधी, चांगल्याला चांगलं म्हणायचास. मग तळं शोधलंस. चार मासे धरलेस आणि काठावर ठेवायला गेलास. पडद्यावर चौकट आली. मला वाचायला लावलीस. 'ही वस्तू खाली ठेवता येत नाही. नष्ट करायची का?' तू म्हणालास, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली.

"असं काऊन?"

"जुन्या गेममध्ये चोऱ्या फार व्हायच्या मामा. लोक तक्रारी करायचे. आता ज्याच्या पिशवीत जे पडलं ते त्याचंच. कोणी हात लावू शकत नाही. सोय केली."

तू माऊस सोडून दिलास. पंख्याकडे पाहत बसलास आणि मग म्हणालास, "चोरी होऊ नाई म्हनून यायनं देनंच बंद केलं. हे नवं नाई व वैशे. हे कमी हाय."

मी खूप भांडले. उडणं काढलं, ढग काढले, बटणानं जमणारा कंपू काढला. कंपूवर तू म्हणालास, "पाच जन येते, राक्षस मारते, रामराम न करता निंगून जाते. हे तं आपलं बसस्टँड झालं." मग मी हुकमाचं पान काढलं. "तू इथी सिंदेवाहीत, तो पोरगा कोलकात्यात, आणि दोघं एका तळ्यावर बसता. हे कोणत्या दंडारीत झालं होतं? हे तरी नवं की नाही?" तू मिशीत हसलास. "ते तारेनं केलं. गेमनं नाई." लोडशेडिंगची वेळ झाली, लाइट गेली, आणि तू टोपली उचलून निघालास. तो वाद तिथंच राहिला.

लेख मी रात्रंदिवस एक करून लिहिला नाही, दोन दुपारींत लिहिला, कारण तुझ्या वाक्यानं सगळं सोपं केलं होतं. नवेपणा म्हणजे काय, तर आधी जे करता येत नव्हतं ते करता येणं. आणि जे आधी करता येत होतं ते बंद करून वर रंग दिला तर त्याला नवं म्हणायचं नाही. हे सगळं लिहून शेवटी लिहिलं, 'माझे मामा, मुखरू नागापुरे, मासेमार, म्हणतात…' आणि तुझं वाक्य.

संपादकांचा फोन आला. माणूस वाईट नाही. गोड बोलले. "लेख उत्तम आहे मॅडम. पण ते मामा काढा. वाचकांना गंमत वाटेल, मुद्द्याचं वजन जाईल. विश्लेषण तुमचं म्हणूनच येऊ द्या." मामा, त्यांनी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर फार तर लेख परत आला असता. मला वाटलं, सिंदेवाहीची पोरगी, कॅफेवाली, त्यात मासेमार मामा, लोक हसतील. तुला हसतील असं मनाला सांगितलं. मला हसतील याची भीती होती. मी म्हटलं, "हो सर."

लेख गाजला. पत्रं आली. एका पोरानं कळवलं की तुमचं 'हे नवं नाही, हे कमी आहे' आम्ही वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवलंय. तुमचं म्हणे!

अंक आला त्या सोमवारी तू विचारलंस, "छापून आलं म्हने तुहं? वाच ना." तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, नाही तर चौथीपर्यंतच्या शाळेवर तू हळूहळू वाचलंच असतंस. मी वाचत गेले. ते वाक्य आलं तेव्हा गाळता आलं असतं. मी भरभर वाचून पुढं सरकले.

"थांब," तू म्हणालास. "ते मंगाचं वाच."

मी वाचलं. 'हे नवं नाही, हे कमी आहे.' जोडाक्षर नसलेलं एवढंसं वाक्य, आणि मी दोनदा अडखळले.

"बेस हाय. हे कोन म्हनलं व?"

तू खरंच विचारत होतास का? विसरला होतास का? की मला एक दार उघडून देत होतास? मला आजही कळलेलं नाही. कॅफेत दोन गिऱ्हाइकं होती, चांगलं ऊन पडलं होतं, आणि मी म्हणाले, "मीच."

तू माझ्याकडे पाहिलंस. "हं. बराबर म्हनलीस," म्हणालास, आणि प्यायला पाणी मागितलंस.

बस. त्यानंतर कधी विषय नाही. पुढच्या सोमवारी नेहमीसारखा आलास, माझ्यासाठी पानात बांधून झिंगे आणलेस, आणि जुन्या गेमात मासे धरत बसलास. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्यास, मी रडले असते, मोकळी झाले असते. दर सोमवारी ठरवायची, आज सांगते. दर सोमवारी कोणीतरी प्रिंट काढायला यायचं आणि मला तेवढंच निमित्त पुरायचं. मग तुला ताप आला, एक सोमवार चुकला, दुसरा चुकला, आणि तिसऱ्या सोमवारी मी तुझ्या अंगणात उभी होते.

आणि तरी ऐक, मी तुझं सगळं मान्य केलेलं नाही! तू गेलास म्हणून वाद जिंकलास असं समजू नकोस. तुझ्या त्या तारेचं उत्तर मला तेरवीला वड्यांची परात आपटल्यावर सुचलं. तारेत तळं नसतं, मामा. कुठंतरी एक माणूस खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या मनात आलं की सगळे राक्षस मारायला धावताहेत, तर एखाद्याला नुसतं पाण्यापाशी बसावंसं वाटेल. त्यानं ते तळं केलं. वस्तू खाली ठेवता यावी हेही त्यानंच ठेवलं. तुझी वाटणी तुझी, कबूल, पण जागा त्याची होती. असा माणूस पुन्हा कुठंतरी बसेल आणि खरंच नवा गेम करेल. शंभरातले नव्व्याण्णव रंगरंगोटी निघतील, एक निघणार नाही. मी त्या एकासाठी खेळत राहणार. मावसाजींना हसू दे. तू यावर काय म्हणाला असतास ते ऐकायला मी काहीही दिलं असतं.

तू गेल्याचं मी त्या चौघांना सांगितलं. हो, चौघं, तो चोरही आता आपलाच आहे. नर्सनं विचारलं, "उनका पूरा नाम क्या था?" एवढी वर्षं ते तुला नुसता मुखरू म्हणून ओळखत होते. मी पूर्ण नाव टाइप केलं आणि तेव्हाच अंकातलं ते पान डोळ्यांसमोर आलं. जिथं ते नाव असायला हवं होतं तिथं माझं होतं.

दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सात महिने झाले. कोण विचारतंय? मामांवर एक हृद्य लेख द्या, आम्ही फोटोसकट छापू. पण ही कबुली नको, तुमचीही शोभा जाते आणि आमचीही." मी म्हटलं, "सर, छापायचं तर पूर्ण छापा. नाही तर पुढच्या अंकापासून माझं नाव काढून टाका." ते म्हणाले, पाठवा, बघतो.

तेव्हा पाठवते आहे. छापतील की नाही ठाऊक नाही. नाही छापलं तर माझ्याकडे प्रिंटर आहे आणि बसस्टँडला भिंती आहेत. मावसाजींच्या दारावर एक नेऊन डकवीन, गडचांदूर लांब असलं तरी. लोक मला चोर म्हणतील. म्हणू दे, आहेच मी.

'चोरी होऊ नाई म्हनून यायनं देनंच बंद केलं. हे नवं नाई, हे कमी हाय.'

हे कोण म्हणलं, असं तू विचारलं होतंस. तू म्हणलास, मामा. मी नाही. तू, मुखरू गोविंदा नागापुरे.